वाटीतला चमचा

शेजारचे काका रेल्वेतून रिटायर झाले, आता एकटेच असतात. कॉम्प्युटरचे स्पीकर घ्यायला मला झाशीच्या सीपरी बाजारात घेऊन गेले. तिथे गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पिशवीतून स्टीलची वाटी काढली, तीत चमचा टाकून काउंटरवर ठेवली.

"भैया, बास बढ़ाओ ज़रा."

नुसत्या स्पीकरांना वाटी दाद देईना. वूफर जोडल्यावर मात्र चमचा किणकिणला.

"यही दे दो," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रेल्वे क्वार्टरात राहायचो तेव्हा शेजारून मालगाडी गेली की भांड्यांची मांडणी अशीच वाजायची."

दुसऱ्या दिवशी दारात आले. "माझ्या वूफरचा तुम्हाला त्रास होत नाही ना?"

"छे, कळतसुद्धा नाही."

त्यांचा चेहराच उतरला.

आता रोज विचारतात. मी म्हणतो, "काका, आमचीही भांडी वाजतात हो!" मग ते खुशीत जाऊन आपलं दार लावून घेतात.