शालिकचा डावा गुडघा

माझ्या बायकोला हे माहीत नाही. पोरांना नाही. भंडाऱ्यात ज्या पोरापोरींना मी इतकी वर्षं कराटे शिकवलं, त्यांना तर मुळीच नाही — त्यांना याच्या उलटंच माहीत आहे, आणि तेही मीच सांगितलेलं. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलून राहिलो. ओळखीच्या माणसासमोर जीभच वळत नाही, काय करता?

नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात एक तरी पोरगं विचारायचंच. सर, एकाशी एक, रिकाम्या हातानं, समोरासमोर — सगळ्यात भारी विद्या कोणती? कराटे की कुस्ती? मी मुद्दाम जरा थांबायचो. कमरेचा पट्टा आवळायचो. मग म्हणायचो, बसा खाली, गोष्ट सांगतो. आमच्या करडीत एक पैलवान होता... आणि गोष्ट संपेपर्यंत तो पैलवान माझ्या एका लाथेत मातीत पडलेला असायचा. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

आता गंमत अशी की गोष्ट खोटी नाही. पैलवान पडला, हे खरं. लाथ माझी, हेही खरं. मग कबूल काय करायचं आहे? थांबा, येतो तिथं. एवढी वर्षं थांबलं, आणखी थोडं थांबेल.

पैलवान म्हणजे शालिक. माझा दोस्त, शेजारच्या घरचा. सातवीनंतर तो बापासोबत बांधीत उतरला — आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात — आणि मी कॉलेजसाठी भंडाऱ्याला खोली करून राहिलो. शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी यायचो. थैली घरात टाकली की पाय आपोआप आखाड्याकडे वळायचे, कारण शालिक तिथंच असणार. मारुतीच्या देवळामागे कवेलूचं छप्पर, खाली लाल माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, कडुनिंबाचा पाला काय काय मुरलेलं असायचं. तो वास आजही कुठं आला ना, तर मी बोलता बोलता थांबतो. किती साधे दिवस होते हो! पाचशे बैठका झाल्या की मूठभर भिजवलेले लाखोरी डाळीचे दाणे आणि गूळ, एवढाच आमच्या पैलवानांचा खुराक. त्यावर शालिकची मान बैलासारखी झाली होती. मी? मी काडीपैलवान. बाजूला बसून त्याच्या बैठका मोजायचो आणि मुद्दाम चुकवायचो. तो हसायचा आणि चुकवलेल्या बैठका पुन्हा मारायचा.

आणीबाणी उठली त्या वर्षी भंडाऱ्यात कराटे आलं. नागपूरहून एक सर यायचे, आठवड्यातून दोनदा, एका शाळेच्या हॉलमध्ये. पांढरा ड्रेस, रंगीत पट्टा, ओरडणं, कौल फोडणं. मला तर वेडच लागलं. वर्षात हिरव्या पट्ट्यापर्यंत आलो. गावी आलो की तो ड्रेस धुवायचा आणि रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालायचा — मागच्या अंगणात दोरी रिकामी असली तरी. एवढ्यावरून ओळखा मी कसा होतो ते.

मग गावात एकच वाद. पानठेल्यावर, विहिरीवर, एसटीची वाट पाहताना — कुस्ती की कराटे? म्हातारे म्हणत, माकडउड्या आहेत सगळ्या, एकदा कंबर सापडली की संपलं. पोरं म्हणत, कंबर सापडेपर्यंत दात घशात जातील. सगळ्यांत जास्त बडबड माझी. कुस्ती जुनी झाली, कुस्तीला नियम लागतो, मारामारीला नियम कुठं असतो — सरांकडून ऐकलेलं सगळं मी पाजळायचो. शालिक काही बोलायचा नाही. त्याला वादात गोडी नव्हती. त्याचं सगळं ध्यान मंडईवर लागलेलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं. आणि करडीच्या मंडईला कुस्त्यांची दंगल. त्या वर्षी शेवटची मोठी जोड शालिकची लावायची, असं आखाड्याच्या उस्तादांनी ठरवलं होतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला गावानं एवढा मान द्यावा, हे त्याच्या घरात आजवर कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याची माय तर ज्याला-त्याला थांबवून सांगायची.

आता ती गोष्ट, जी पोरांना कधी सांगितली नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखल करताना शालिकचा पाय रुतला आणि गुडघा पिरगाळला. डावा. वरून काही दिसत नव्हतं, पण आत काहीतरी सुटलं होतं. चालताना ठीक, वळताना कळ. उस्तादांना समजलं असतं तर त्यांनी त्याला मंडईच्या जोडीतून काढलं असतं, म्हणून त्यानं लपवलं. घरीही लपवलं. फक्त मला सांगितलं. शनिवारी दुपारी आम्ही गोठ्यात बसायचो आणि मी त्या गुडघ्याला मोहाचं तेल चोळायचो. बाहेर पाऊस, आत गाईंचा वास, आणि शालिक डोळे मिटून दात दाबून बसलेला. कुठं दाबलं की कळ जाते, कुठल्या बाजूनं गुडघा आत जातो — त्याला माहीत नव्हतं इतकं माझ्या बोटांना माहीत झालं होतं.

"कोनाले सांगजो नोको गा," तो म्हणाला होता. मी गळ्याची शपथ घेतली.

आणि शब्द पाळला बरं मी. तोंडानं कोणालाच सांगितलं नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. वाद इतका पेटला की कोणीतरी म्हणालं, बोलता कायले, लढूनच पाहा ना. मी फुशारक्या मारून बसलेलो, नाही म्हणता येईना. शालिकला नाही म्हणता आलं असतं. मंडई तोंडावर होती, गुडघा होता. पण मी हो म्हटलं होतं ना — दोस्ताला एकट्याला कसं तोंडघशी पाडायचं, असं त्याला वाटलं. मला हे तेव्हाच कळत होतं. तुम्ही मला भोळा समजू नका.

रविवारी सकाळी आखाड्याभोवती अर्धं गाव. उस्तादांनी नियम सांगितले. तोंडावर बुक्की नाही, डोळ्यात बोट नाही, नाजूक जागी लाथ नाही. बाकी तुम्ही आपापलं इल्म करा. पाठ लागली किंवा उठता आलं नाही तर हरला. गुडघ्याबद्दल उस्ताद काही बोलले नाहीत. ते कशाला बोलतील? त्यांना कुठं माहीत होतं?

लढतीआधी एकमेकांच्या अंगाला माती लावायची, ही आखाड्याची रीत. धरायला सोपं जावं म्हणून समोरच्याला आपल्याच हातानं माती चोळायची. शालिकनं माझ्या खांद्यांना, दंडांना, अगदी मन लावून माती लावली. मी त्याला लावली. लावताना पाहिलं — सगळा भार उजव्या पायावर.

लढत सुरू झाली. मी मांडीवर दोन लाथा हाणल्या, त्यानं झेलल्या. तिसरीला तो आत घुसला आणि पुढच्या क्षणी माझे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले. धानाची पेंडी उचलावी तसं उचललं हो मला! आता आपटणार, मान मोडणार, हे दिसत होतं. लोक ओरडत होते. आणि शालिक माझ्या कानाशी हळूच बोलला.

"सोडतो गा तुले. डोक्यावर पडशीन."

त्यानं मला अलगद खाली ठेवलं. पायांवर. मायनं लेकराला कडेवरून उतरवावं तसं. पाठ लागली नाही, म्हणून उस्तादांनी लढत चालू ठेवली. पण लोक हसले. दोस्तच माझे, पोट धरून हसले. त्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं होतं — एकाशी एक, रिकाम्या हातानं कोण भारी? अर्ध्या मिनिटात मिळालं होतं. ते मान्य करून मी त्याच्या गळ्यात पडलो असतो तर? एवढंच तर करायचं होतं.

मी दोन पावलं मागं गेलो. शालिक हसत उभा होता. आणि मी लाथ मारली. डाव्या गुडघ्यावर. बाहेरून आत. जिथं माझी बोटं दर शनिवारी तेल जिरवायची, नेमकी त्याच जागेवर.

चुकून लागली, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. नाही. जागा पाहून मारली.

तो ओरडला नाही. नुसता बसला. उठता येईना. पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी वरून पाहत राहिलो — उस्ताद खाली वाकून त्याचा गुडघा चाचपत होते. विचारत होते, हे आधीचं दुखणं आहे का रे? शालिकनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"नाही उस्ताद," तो म्हणाला. "आताच लागलं."

मग खालूनच त्यानं हात वर केला, रीतीप्रमाणे माझ्याशी मिळवला, आणि म्हणाला, "भारी हाय गा तुयावाली लाथ."

मंडईत त्याच्या जागी दुसरा पैलवान लढला. शालिक पुन्हा आखाड्यात उतरला नाही. गावातली पोरं माझ्यामागे भंडाऱ्याला कराटे शिकायला येऊ लागली आणि दोन-तीन वर्षांत त्या लाल मातीवर धानाची पोती रचली गेली. मी काळा पट्टा मिळवला, स्वतःचा क्लास काढला. आणि ती गोष्ट सांगू लागलो. आधी म्हणायचो, पायावर मारली. मग मांडीवर. मग पोटावर. वर्षागणिक लाथ वर चढत गेली. शेवटी छातीवर जाऊन थांबली, कारण छातीवरची लाथ ऐकायला बरी वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका संध्याकाळी शालिक क्लासमध्ये आला. सोबत त्याची मुलगी, कुंदा, नऊ-दहा वर्षांची. ती भंडाऱ्यात आत्याकडे शिकायला होती. पोरीची जात, दोन हात येत असलेले बरे, म्हणाला. पायऱ्या तो एकेक करून चढला होता, कठड्याला धरून. आम्ही दोघं जुन्या गोष्टी बोललो, लाखोरी, मोजताना चुकवलेल्या बैठका. तो मनापासून हसत होता. किती बरं वाटलं मला, विचारू नका.

तेवढ्यात कुंदा सगळ्यांसमोर उठून उभी राहिली. "सर, बाबा म्हनतेत तुम्ही त्यांले एका लाथेत पाडलं होतं. ते सांगा ना."

चाळीस पोरं मांडी घालून समोर बसली होती. शालिक दारात उभा. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली — सांग.

मी सांगितली. पट्टा आवळून, नेहमीसारखी थांबून थांबून. पेंडीसारखं उचललेलं मी गाळलं. अलगद ठेवलेलं गाळलं. लाथेपाशी आलो, तरी म्हणालोच — छातीवर.

पोरांनी वळून शालिककडे पाहिलं. कुंदानंही पाहिलं. आणि शालिकनं आपला हात उचलला, छातीवर ठेवला, आणि लेकीला दाखवलं की हो, इथं.

टाळ्या झाल्या. त्यानं कुंदाचं नाव नोंदवलं, एसटी चुकेल म्हणाला, आणि कठडा धरून उतरायला लागला. आधी उजवा पाय, मग डावा ओढून. मी वरच उभा होतो.

पुढच्या बॅचलाही मी छातीच सांगितली.