एरर वाचणाऱ्या बाई

लातूरच्या कॉम्प्युटर क्लासात माझ्या शेजारी चाकूरच्या एक निवृत्त नर्सबाई बसत. माऊस सोडून, काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायला आम्ही शिकत होतो. बाईंची कमांड चुकली, की आलेली एरर त्या अख्ख्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवत आणि स्वतःच हसत. मी पडलो प्राध्यापक. चूक दिसू नये म्हणून नुसता चष्मा पुसत बसायचो.

एकदा त्या माझ्या पडद्याकडं वाकल्या. "सर, तुमचं कायबी चुकत न्हाई?"

"नाही," मी ऐटीत म्हणालो.

"लिवलंच न्हाई, तर चुकंल कसं?"

नाइलाजानं मी एक कमांड टाईप केली. लगेच एरर आली. बाई वाट बघत बसल्या. शेवटी मी उभा राहून, शिकवायच्या आवाजात ती वाचली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग मी इतक्या चुका केल्या, की टाळ्या वाजवायचा त्यांनाच कंटाळा आला.