हँडलिंगचे नऊशे रुपये

श्यामकांत कर्णिक वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी भांडुप-मुलुंडच्या दुकानदारांचे तराजू तपासले. बाजारात ते नुसते पिशवी घेऊन शिरले, तरी भाजीवाल्या घाबरून एखादा बटाटा जास्त टाकायच्या. श्यामराव तो काढून परत द्यायचे. जास्त वजन हेही चुकीचंच वजन, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायचो, त्यामुळे पुढची सगळी हकीकत मला जवळून बघायला मिळाली.

श्यामरावांच्या पत्नी वसुधावहिनी, त्यांची थोरली बहीण वर्सोव्याला होती. मुलुंडहून तिच्याकडे जायचं म्हणजे तीन बसगाड्या आणि अर्धा दिवस. म्हणून त्र्याऐंशी साली, सगळ्यांनी त्या नव्या छोट्या गाडीसाठी नंबर लावले तेव्हा वहिनींनी हट्टाने दहा हजार भरायला लावले. श्यामरावांनी बुकिंगचा फॉर्म प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला. घडी मोडू नये म्हणून चार वर्षांत तो कधी बाहेर काढला नाही.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत नंबर लागल्याचं पत्र आलं. श्यामराव तेव्हा रिटायर झालेले होते. म्हणजे हाताशी वेळच वेळ. मला बरोबर घेऊन ते घाटकोपरच्या शोरूममध्ये गेले.

भिंतीवर किमतीचा तक्ता फ्रेम करून लावला होता. श्यामरावांनी तो आधी वहीत उतरवून घेतला. मग तिथला सेल्समन चंद्रप्रकाश आला. टाय लावलेला, तोंडात बडीशेप. त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तक्त्यावरच्या किमतीखाली आणखी आठ ओळी होत्या.

"जकात, रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स. या चार समजल्या," श्यामराव म्हणाले. "या सरकारी, आणि यांच्या पावत्या मिळतील. आता खालच्या चार समजावून सांगा. नाका क्लिअरन्स साडेतीनशे?"

"गाडी नाक्यावरून आणायची ना साहेब."

"जकात भरल्यावर नाका मोकळा होतो. मग क्लिअर कोण करतं?"

"ते... आमचा माणूस असतो."

"डॉक्युमेंटेशन दीडशे?"

"कागद बनवायचे."

"हा कागद बनवलात त्याचे?"

चंद्रप्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं.

"अ‍ॅक्सेसरीज किट अकराशे. यात काय?"

"सीट कव्हर, मॅट, डॅशबोर्डवर गणपती, आणि सेंटची बाटली."

"गणपती आमच्याकडे आहे. हे कम्पलसरी आहे का?"

"छे छे, कम्पलसरी बिलकूल नाही," चंद्रप्रकाश मनापासून म्हणाला. "फक्त त्याच्याशिवाय गाडी मिळत नाही."

"आणि हे हँडलिंग नऊशे?"

"गाडी हँडल केली ना साहेब."

"कोणी?"

"आम्ही."

"विकायची म्हणजे हात लावावाच लागणार. माझ्या किराणेवाल्याने तांदळाला हात लावायचे पैसे मागितले असते, तर मी त्याच्यावर खटला भरला असता. हँडलिंग म्हणजे काय ते लेखी द्या."

लेखी द्यायला कोणी तयार नव्हतं. तिथून युद्ध सुरू झालं. श्यामराव रोज सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन घाटकोपरला जायचे आणि शोरूममधल्या सोफ्यावर बसायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की शेजारी सरकून सौम्यपणे विचारायचे, "तुम्हाला हँडलिंग समजलं का हो? मला अजून समजलं नाही." दोन गिऱ्हाइकं कागद खिशात घालून विचार करायला घरी गेली.

मधल्या एका दिवशी ते मुलुंडच्या जकात नाक्यावर जाऊन आले. तिथल्या कारकुनाला ते ओळखत होते, त्याचा वजनकाटा कितीदा तरी त्यांनीच तपासला होता. क्लिअरन्स नावाची पावती तिथे फाडतच नाहीत, असं त्याच्या सहीने लिहून आणलं. साडेतीनशे गेले. मग दीडशे गेले. गणपती आणि सेंटची बाटली यांवर आठवडा लागला, पण तेही गेलं. उरले हँडलिंगचे नऊशे.

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना सांगा ना. नऊशे रुपये देऊन टाकू. ताईला कळवलंय मी, येते म्हणून."

मी सांगितलं. श्यामराव म्हणाले, "नऊशेचा प्रश्न नाही. नऊशे कशाचे, हा प्रश्न आहे."

फेब्रुवारीच्या शेवटी चंद्रप्रकाश स्वतः त्यांच्या सोफ्यावर येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, खरं सांगू? हँडलिंग म्हणजे काय ते मलाही माहीत नाही. लागलो तेव्हा मी शेठना विचारलं होतं. ते म्हणाले, ज्याला हा प्रश्न पडतो त्याला सेल्समध्ये ठेवत नाही."

श्यामरावांनी डब्यातली अर्धी पोळी त्याला दिली. त्याच संध्याकाळी शेठने कंटाळून नऊशेवर काट मारली.

बिल्डिंगमध्ये श्यामरावांचा जयजयकार झाला. अडीच हजार रुपये वाचवले होते! कुलकर्ण्यांच्या जयवंतने तर जिन्यातच त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. दोन मार्चला श्यामराव इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेचा ड्राफ्ट घेऊन मला शोरूममध्ये घेऊन गेले.

चंद्रप्रकाशने ड्राफ्ट पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, हा चार हजार शंभरने कमी आहे."

"सगळे चार्जेस कापलेत ना?"

"चार्जेस गेले साहेब. पण एक तारखेपासून गाडीचीच किंमत वाढली. डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागते. फॉर्मच्या मागे छापलंय."

श्यामरावांनी पाकिटातून फॉर्म काढला. चार वर्षांत पहिल्यांदाच उलटा केला. बारीक अक्षरात सातव्या कलमात तसं छापलेलं होतं आणि खाली त्यांचीच वळणदार सही होती. भिंतीवरचा तक्ताही बदलला होता. फ्रेम तीच, आकडा नवा. या रकमेत वाद घालायला काहीच जागा नव्हती. ती अगदी कायदेशीर होती.

 घरी श्यामरावांनी दोन दिवस पेपरसुद्धा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्यादेखत त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "चूक तुमची नव्हती, त्यांचीही सगळी नव्हती. पण आता तुम्ही आणखी महिनाभर बसलात, तर मी बसनेच जाईन आणि तिकडेच राहीन."

"हिशोबाने आपण सोळाशेने बुडालो, वसुधा."

"आणि एक महिना माझा. तो कुठल्या ओळीत धरलात?"

 त्यांनी चहा पिऊन टाकला आणि ड्राफ्टला जोड द्यायला बँकेत गेले.

गाडी आली ती पांढरी, हार घातलेली. चंद्रप्रकाशने पेढ्यांचा पुडा दिला. श्यामरावांनी तो तळहातावर तोलून पाहिला, ओठांवर काहीतरी आलं होतं, पण वहिनींनी गाडीचं दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "चला." पवईमार्गे वर्सोव्याला जायला त्यांना दोन तास लागले, कारण श्यामराव तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलेच नाहीत. वहिनी येताना बहिणीकडून सुके बोंबील घेऊन आल्या. पुढचे सहा महिने त्या गाडीत दुसऱ्या कुठल्या सेंटची गरज पडली नाही.

वर्षभराने जयवंतचा नंबर लागला, तेव्हा तो श्यामरावांना घेऊन घाटकोपरला गेला. हँडलिंग कागदावरून नाहीसं झालं होतं. त्या जागी 'ग्राहक सुविधा, बाराशे' असं लिहिलं होतं. श्यामराव सोफ्यावर टेकले. चंद्रप्रकाशने त्यांना पाहिलं, पेन काढून ती ओळ स्वतःच खोडली, आणि दोन कप चहा सांगितला.