सकाळच्या पहिल्या विमानानं
आज पोस्टातून माझा मरून रंगाचा आयरिश पासपोर्ट आला आणि त्याच्या कोऱ्या वासानं मला स्पेनहून आलेला तो फोन आठवला. लेक तेव्हा पंधराची होती, शाळेच्या एक्स्चेंजवर पंधरा दिवस तिथल्या एका कुटुंबात राहायला गेली होती. इकडे आयर्लंडात, ओंगारच्या घरात, संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत होते, मोहरी तडतडत होती, आणि ती तिकडे बाथरूमचं दार लावून कुजबुजत होती, "आई, प्लीज कम अँड गेट मी. नोबडी टॉक्स टू मी हिअर." "सकाळच्या पहिल्या विमानानं येते, बाळा," मी म्हणाले, गॅस बंद केला आणि कपाटातून कागदपत्रांची फाईल ओढली. पलीकडून बारीक आवाज आला, "यू कान्ट, आई. यू नीड अ व्हिसा." खरंच की! तिचा पासपोर्ट आयरिश, माझा भारतीय, आणि व्हिसाची नुसती अपॉइंटमेंट मिळायलाच महिना जायचा. जेमतेम अडीच तासांचं विमान, आणि मी ते निळं पुस्तक हातात धरून करपलेल्या मोहरीच्या वासात डांबलेली. मला रडू फुटलं, तर तीच मला समजावू लागली, "इट्स ग्रँड, आई, आय ॲम ग्रँड," म्हणजे मी ठीक आहे. मघाशी नव्या पासपोर्टचा फोटो तिला मेनूथच्या कॉलेज होस्टेलवर पाठवला आणि खाली लिहिलं, आता कुठूनही आणायला येईन, फक्त हाक मार. तिनं अंगठ्याचा इमोजी पाठवला. स्पेनच्या फोनच्या त्या संध्याकाळनंतर तिनं मला कधीच 'ये' म्हटलेलं नाही.