आधी गोळी घे

महिन्यातून एकदा मी धाकट्या भावाला भेटायला मनोरुग्णालयात जातो. काल शेजारच्या बाकावर पार्वतीबाई होत्या, मुलासाठी थालीपीठ घेऊन आलेल्या. कपाळ मोकळं. याच मुलाने आजारपणात बापाच्या डोक्यात पहार घातली होती. देवाने सांगितलं म्हणाला, आणि हात न धुताच आरती करायला बसला. हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं, आज नळाला पाणी आलं नाही असं सांगावं इतक्या सपाट आवाजात.

नर्सने मुलाच्या तळहातावर गोळी ठेवली. तो नुसता गोळीकडे बघत राहिला.

"आई, हल्ली देव बोलत नाही माझ्याशी."

"बरं झालं."

"मग अण्णांना कुणी मारलं?"

पार्वतीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "आधी गोळी घे."

त्याने निमूटपणे घेतली. तेव्हापासून मला चैन नाही. दोष कुणाचा, ते कोर्ट ठरवील. मला रात्रभर घोळवूनही ठरवता येत नाही. देव बोलत होता तोवर हा मुलगा तरी सुखात होता. आता रोजची गोळी त्याला बरं करते, आणि रोज थोडं थोडं ओढत बापाच्या प्रेतापाशी नेते. तिथे तो पोचेल तेव्हा त्याच्याबरोबर कोण असेल?

निघायच्या वेळी डॉक्टर आले. हसून म्हणाले, "मावशी, सुधारतोय हो. लवकरच सगळं कळायला लागेल त्याला."

रिकामा डबा पिशवीत घालून उठलेल्या पार्वतीबाई परत बाकावर बसल्या.