दोन मैत्रिणींच्या पुरवण्या

इंझोरीकडच्या एका खेड्यातलं ते प्रकरण आठवलं, की आजही मला आधी हसू येतं आणि मग बरं वाटतं.

तक्रार ज्या मुलीची, तिचं घर दोन एकर कोरडवाहूवर चाललेलं. तेवढ्यात भागत नसे, म्हणून आईबाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे. घरात दिवा एकच. त्याखाली मुलगी रसायनशास्त्र वाचायला बसली, की बाकीचे अंधारात अंगणात बसून राहायचे. त्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी स्वतः आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.ए., द्वितीय श्रेणी, आणि ती मी कमी समजत नाही. त्यामुळे अशा घरात पदवी म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना बीट जमादाराला त्या खेड्यातून फोन आला. "किराणा दुकानापुढं मानसं जमून राह्यली. कुलूप ठोकतो म्हन्तेत." स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली, महिला अंमलदार सोबत घेतली आणि गाडी काढली.

भांडणाचं कारण ऐकून मी चकित झालो. ती दिव्याखाली अभ्यास करणारी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्रात नापास झाली होती. बी.एड.ची प्रवेश परीक्षा तिने उत्तम दिली होती. पण पदवीची गुणपत्रिका वेळेत हातात आली नाही, तर जागा जाणार होती. तिने विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. मुख्य उत्तरपत्रिकेत अक्षर तिचं, पण मागे बांधलेल्या पुरवण्यांत भलतंच. आणि ते भलतं अक्षर तिने ओळखलं. गावातल्याच, वर्गातल्याच मैत्रिणीचं. म्हणजे या किराणा दुकानदाराच्या मुलीचं, जिला त्याच विषयात सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावतील असे गुण मिळाले होते.

"यानं वर पैसे चारले साहेब!" मुलीचा बाप ओरडत होता. "माह्या पोरीचा पेपर याच्या पोरीले जोडला!"

"मी गिऱ्हाइकाले सुटे द्यायले रडतो," दुकानदार गल्ल्यावरूनच गरजला, "अन् विद्यापीठाले चारीन काय बे?"

जमलेली माणसं हसली. जमाव एकदा हसला, की निम्मा बंदोबस्त आपोआप होतो. लोकांना पांगवलं आणि दोन्ही बाप, दोन्ही मुली ठाण्यात आणल्या.

दुकानदाराच्या मुलीला आधी विचारलं. महिला अंमलदार शेजारी बसलेली.

"तुला किती गुणांची आशा होती?"

"काठावर निघाली असती तरी पेढे वाटनार होती, साहेब."

"मग एवढे मिळाले तेव्हा?"

"मंग बर्फी वाटली."

महिला अंमलदाराने तोंड फिरवलं. मी मात्र चेहरा सरळ ठेवला. "शंका नाही आली?"

"आली ना. पन नापास झालं का मानूस प्रत मांगते. पास झाल्यावर कोन मांगते?"

चोरी करणारा माणूस शंका आल्याचं सहसा कबूल करत नाही. इथेच मला वाटलं, की आपण चुकीच्या रस्त्यावर आहोत.

माझी एक सवय होती. घटनेबद्दल थोडं विचारायचं, त्या दिवसाबद्दल जास्त. दोघींना वेगवेगळं बसवून मी विचारलं, "पेपरच्या दिवशी घरी कशी गेलीस?"

दोघींचं उत्तर एकच. रामनवमी तोंडावर आली होती, एसटीच्या बऱ्याच गाड्या पोहरादेवीच्या यात्रेसाठी वळवलेल्या. गावाकडे जाणारी शेवटची गाडी नेमकी पेपर सुटायच्या वेळेलाच निघायची.

"मग ती मिळाली कशी?"

"सरांनी जरा आधी सोडलं," तक्रारदार मुलगी म्हणाली.

"पुरवण्या बांधून?"

"नाई साहेब. सर म्हने, बेंचवर ठिवा, दोरा मी बांधतो, तुमी पळा."

पर्यवेक्षक सरांना बोलावलं. ते घाम पुसतच आले. "पोरी स्टँडवर अडकल्या असत्या साहेब! यात्रेची गर्दी, कोण जिम्मेदार?"

"बरोबर केलंत. आणि पुरवण्या?"

"दोघींचे बेंच मागंपुढं. पुरवण्या पंख्यानं उडाल्या, त्या मी गोळा केल्या, अन्... बाप्पा! मीच हिच्या तिला बांधल्या."

घाईत दोघींनीही पुरवण्यांवर आसनक्रमांक टाकला नव्हता. ना पैसे, ना कारस्थान. एका भल्या माणसाने पोरींची गाडी चुकू नये म्हणून धडपड केली होती, एवढंच.

पण हे सिद्ध व्हायला दुसरी उत्तरपत्रिकाही समोर यायला हवी होती, आणि तिची प्रत फक्त दुकानदाराची मुलगीच मागू शकत होती. मागितली की तिचे गुण गेले. कदाचित पदवीही. मी तिच्यावर जोर केला नाही. तसा अधिकारही नव्हता.

"माह्यी बी प्रत काढा साहेब," तीच म्हणाली.

"तुले कायले पाह्यजे?" बाप उसळला. "चांगले हायेत ना मार्क!"

"बाबा, ते माह्ये नाईत. बर्फी बी आपन तिच्याच मार्काची खाल्ली."

दुकानदाराने खिशातलं पेन काढलं. मग म्हणाला, "साहेब, सही कुठं करा लागते ते सांगा."

गुन्हा दाखल करण्यासारखं काहीच नव्हतं. सरांनी स्वतःच्या हाताने लेखी कबुली दिली, दोघींनी एकत्र अर्ज केला, प्राचार्यांनी तो पुढे पाठवला. मी कोणाला फोन करून वजन टाकलं नाही. कागद चोख असले, की त्याची गरज पडत नाही. विद्यापीठाने मूळ उत्तरपत्रिका काढून पुरवण्या जुळवल्या आणि दोन्ही पेपर पुन्हा तपासले.

नोकरीत मी खूप गुन्हेगार पाहिले, पण या प्रकरणाने मला वेगळंच शिकवलं. कट शोधण्याआधी चूक शोधावी, आणि त्या दिवशी माणसं कशाच्या घाईत होती, हे आधी विचारावं. आणि गुण कमी पडले म्हणून नशिबाला बोल लावत बसू नये. आपला पेपर बघायला मागणं हा हक्क आहे, तो वापरावा.

दुकानदाराची मुलगी खरोखरच काठावर पास झाली. तक्रारदार मुलीला रसायनशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळालं आणि बी.एड.ची जागा मुदतीच्या आत पक्की झाली. ती प्रथम श्रेणीत बी.एस्सी. झाली. तिच्या घराण्यातली पहिली पदवीधर.