धोंड्याच्या ताटाशेजारी मस्कादे

माझी मुलगी फ्रान्समध्ये नांदत होती. दर हिवाळ्यात ती यवतमाळला यायची, तेव्हा तिच्या सामानात तिकडच्या समुद्रकाठची पांढरी वाइन असे. मस्कादे तिचे नाव. फिकी, कोरडी, कैरीच्या पहिल्या फोडीसारखी दातांना लागणारी. तिकडे ती समुद्रातल्या कालवांबरोबर, कच्च्या शिंपल्यांबरोबर पितात. आमच्याकडे कालवे कुठली? म्हणून मुलीने आमच्याच पदार्थांवर तिची परीक्षा घेतली. पाटोडीच्या तिखट रश्श्यापुढे वाइनची चवच उरली नाही. घाटंजीच्या बाजारातली नदीची मासळी, बेसन-मीठ लावून तळलेली, वर लिंबू पिळलेली. तिच्याशी मात्र जमली. कोवळ्या हुरड्याशीही जमली.

"गोडासंगं कधीच नाही, बाबा," ती म्हणायची. "चिंचेचं पाणी होते तिचं."

गेल्या हिवाळ्यात ती आली नाही. तिकडेच आजारी पडली आणि तिकडेच गेली.

उन्हाळ्यात अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि लेक-जावयाला जोडीने वाण द्यायचे, ही रीत. लेकच नाही तर वाण कोणाला, असे शेजारणीने विचारले. पत्नी माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "जावई तो जावईच. तुम्ही त्याले फोन करा."

तो आला. उंच, अबोल फ्रेंच माणूस. मुलीने शिकवले तेवढेच मराठी त्याला येई. आल्याबरोबर त्याने बाटली फ्रिजमध्ये ठेवली. अधिकात घरात दारू, म्हणून मी पत्नीकडे पाहिले.

"राहू द्या," ती म्हणाली. "पोरगी आणे तेच आणलं त्यानं."

दोन पाट मांडले होते. एकावर तो बसला. दुसऱ्यावर पत्नीने सुपारी ठेवली. हे काय, असे त्याने मला विचारले. जोडीदार नसेल तिथे सुपारी ठेवतात, असे मी सांगितले. त्याने आपली मांडी जरा आवरून घेतली, शेजारी जागा व्हावी म्हणून.

अधिकात मासळी करत नाहीत. ताटात धोंडे आणि तूप. पत्नीनेच त्याचा पेला भरला. जन्मभर ही वाइन पीत आलेला माणूस; धोंडा खाऊन त्याने घोट घेतला आणि त्याचा जबडा आवळला. मला ते दिसले.

"कशी लागते, जावईबापू?" पत्नीने विचारले.

"मस्त, आई. अजून एक धोंडा द्या."

"खा बाप्पा. तिकडे कोण करून देते तुमाले?" असे म्हणून ती हसली. मुलगी गेल्यापासून प्रथमच.

त्याने दुसरा धोंडा खाल्ला आणि पेला रिकामा केला.

वाण देताना पत्नी म्हणाली, "पुढच्या अधिकात येजा." तो "येतो" म्हणाला. पुढचा अधिक जवळजवळ तीन वर्षांनी.

त्याला गाडीपर्यंत पोचवायला मी गेलो. तिथे इंग्रजीत सांगितले, "तुमचे वय अजून आहे. घरात दुसरी कोणी यायची झाली, तर आमच्याकडे पाहून थांबू नका." तो वाकून माझ्या पाया पडला. हे तिने शिकवले असावे.

अर्धी बाटली उरली होती. पत्नीने ती टाकू दिली नाही. अधिक महिना सरल्यावर तिने घाटंजीहून मासळी मागवली, बेसन लावून तळली, लिंबू पिळले आणि माझ्यासमोर पेला भरून ठेवला. उघडलेली बाटली दोन-तीन दिवसच टिकते, हेही मुलीनेच सांगितले होते. पेल्यातली वाइन आंबून तिचा शिरका झाला होता.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"मासळीसंगं जमते म्हणे ते."

"जमते."

ती मासळीतले काटे काढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "येईन ना तो?"

मी पेला संपवला. "येईल," म्हणालो.